आठ दिवसांचा जुना काळ

जुना काळ चांगला होता हे माझं मत आहे, आणि पुढं जे सांगणार आहे त्यानंतरही ते तसंच आहे. फक्त आता मी ते मोठ्यानं बोलत नाही.

त्या रविवारी मात्र मोठ्यानं बोललो. गणपती बोळवून चारच दिवस झाले होते. आमची तनुजा तेव्हा बारावीला होती. मी पोहे खात असताना तिनं बशीशेजारी एक फॉर्म ठेवला. मल्लिकार्जुन सरांची रिव्हिजन बॅच, जागा मोजक्या, पुढच्या मंगळवारी शेवटची तारीख, आणि खाली पालकाच्या सहीसाठी एक रेघ. लातुरात त्या काळात क्लासचं पीक एवढं जोमात होतं की सोयाबीननं लाजावं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांत मालक एका खोलीत आणि उरलेल्या खोल्यांत नांदेड, देगलूर, उदगीरची पोरं राहत. मी या सगळ्याच्या विरुद्ध होतो. पाटबंधारे खात्यातला हेडक्लार्क सहसा कशाच्या विरुद्ध नसतो, पण याच्या होतो.

"मुळीच नाही," मी म्हणालो. "आमच्या वेळी कंधारला क्लास नव्हता. लाईट असून नसल्यासारखी. कंदिलाखाली अभ्यास करून मी मॅट्रिकला शाळेत..."

"सातवे आलात," तनुजा म्हणाली. "माहिती आहे, पप्पा. मला सातवं येऊन चालत न्हाई. मला मेडिकलला जायचंय आणि फिजिक्स माझ्या डोक्यात शिरत न्हाई."

हे फिजिक्सचं ती आईजवळ रडत सांगते, हे मला ऐकू आलेलं होतं. पण ऐकू येणं वेगळं आणि दखल घेणं वेगळं. सरकारी नोकरीत हा फरक लवकर कळतो. मी जुन्या काळातल्या एकाग्रतेवर बोलत राहिलो. पंखा नव्हता म्हणून घाम यायचा, घाम यायचा म्हणून झोप यायची नाही, झोप नाही म्हणून अभ्यास व्हायचा. माझ्या मते ही साखळी बिनतोड आहे.

तनुजानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग पप्पा, तुम्ही आठ दिवस जुन्या काळात राहून दाखवा. लाईट न्हाई, पंखा न्हाई, टीव्ही न्हाई, मोबाईल बंद, गॅसवरचा चहासुद्धा न्हाई. राहिलात तर फॉर्म मी स्वतः फाडते. न्हाई जमलं तर गुपचूप सही करायची."

"कबूल," मी म्हणालो. "अंगणातल्या शेडमध्ये राहतो. उद्यापासून तयारी."

माझी बायको कुसुम जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती पिठाचा डबा भरत होती. शेडचं नाव ऐकून तिचा हात थांबला. "शेडमध्ये?" एवढंच तिनं विचारलं, आणि डब्याचं झाकण लावून आत गेली.

त्र्याण्णव सालच्या भूकंपानंतर लातुरात ज्यानं त्यानं अंगणात पत्र्याची शेड ठोकली होती, कारण घरात झोपायची कुणाची छाती नव्हती. पुढं कुणी त्यात गाडी लावली, कुणी पोरं ठेवली. आमची मात्र जशीच्या तशी आहे, कारण माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले चार महिने तिथं गेले. सगळी गल्ली बाहेर. एका चुलीवर सगळ्यांचं पिठलं. शेजारच्या गुरुपादप्पांशी मी रोज पत्ते कुटत असे. कुणाच्या घराला कडी नव्हती आणि मनालाही नव्हती. हे वाक्य मी गेली सतरा वर्षं लग्नकार्यात सांगतो आणि लोक मान डोलावतात.

सोमवारी आधी ऑफिसात रजेचा अर्ज टाकला. कारण 'घरगुती'. साहेबांनी विचारलं, "घरगुती म्हणजे नेमकं काय, कंधारकर?"

जुन्या काळात जायचं आहे असं सरकारी कागदावर लिहिता येत नाही आणि साहेबांना तोंडीही सांगता येत नाही. मी म्हणालो, "साहेब, आठ दिवस जरा घराबाहेर राहावं म्हणतो. अंगणातच. शेड आहे आमची."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग छताकडं बघितलं, आणि रजा मंजूर केली. सोळा वर्षांच्या नोकरीत माझी रजा एवढ्या लवकर कधी मंजूर झाली नव्हती. माझ्या सचोटीचा हा परिणाम, असं मी समजलो.

मग रॉकेल. कंदील जुना काळ देतो, पण रॉकेल सरकार देतं. रेशनच्या खिडकीवर गेलो तर आतल्या माणसानं माझं कार्ड उलटून शिक्का दाखवला. "गॅस आहे तुमच्याकडं. रॉकेल मिळत न्हाई. गॅस जमा करा, त्याची पावती आणा, मग अर्ज करा, मग चौकशी होईल."

"अहो, मला आठ दिवसांपुरतंच पाहिजे."

"आठच दिवस? आणि मग?"

"मग लागणारच नाही," मी म्हणालो.

त्यानं चष्मा काढला. आवाज खाली आणला. "का हो? मग का लागणार न्हाई?"

जुन्या काळाची महती खिडकीतून समजावून सांगण्यासारखी नसते. मागं रांगही वाढली होती. मी जरा तुटकपणे म्हणालो, "एवढे आठ दिवस निभावले की झालं. पुढचं पुढं बघता येईल."

"कोणत्या खात्यात आहात?"

"पाटबंधारे."

तो उठला, खिडकी लावली आणि आतून कुणाला तरी म्हणाला की मी जरा घरी जाऊन येतो. कामाच्या वेळेत! आमच्या वेळी असं नव्हतं, हे मी रांगेतल्या लोकांना सांगितलं. पण त्यांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं, ते आपसांत बोलत होते.

शेवटी कंदील आणि बाटलीभर रॉकेल दोन्ही गुरुपादप्पांकडं मिळालं. ते एका डाळमिलमध्ये मुनीम होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकून उभं राहण्याशिवाय दुसरा उद्योग नाही.

"कंदील कशाला लागून राहिला, उद्धवराव?"

पैजेचं सांगायला लाज वाटली. पोरीनं बापाला डिवचलं हे शेजाऱ्याला कसं सांगावं? म्हणालो, "लागतो हो. तुम्हीपण एक पुसून ठेवा. कसा पेटवायचा ते विसरून गेलो असू आपण."

गुरुपादप्पा गंभीर झाले. "हाव, ते खरं हाय." थोड्या वेळानं म्हणाले, "बाज भिंतीजवळ टाकू नका. मधोमध टाका."

मुंग्यांमुळं म्हणत असतील असं मला वाटलं. मी बाज मधोमध टाकली. मुरमुरे, फुटाणे, गूळ, शेंगदाणे डब्यात भरले. पाण्याचा माठ ठेवला. तीन दगडांची चूल मांडली. मोबाईल बंद करून कपाटात ठेवला. गुरुपादप्पा एकेक वस्तू नजरेनं टिपत होते, आणि त्यांच्यामागून त्यांच्या पत्नी नीलम्मा कानडीत काहीतरी विचारत होत्या.

मंगळवारी सकाळी माझा जुना काळ सुरू झाला. पहिला तास उत्तम गेला. दुसऱ्या तासाला चूल पेटली नाही, आणि पेटली तेव्हा चहापेक्षा धूर जास्त झाला. अकराला पत्रे तापले. जुन्या काळात एवढं उकडत नसे. ऊनच वेगळ्या प्रतीचं असे. दुपारी एक सर आली आणि पत्र्याच्या एका भोकातून बरोब्बर माझ्या नाकावर थेंब पडू लागला. बाज डावीकडं ओढली, थेंब कानावर. उजवीकडं ओढली, थेंब मुरमुऱ्यांवर. शाळेतून आलेल्या कुसुमला मी म्हणालो, "हे भोक नवीन दिसतंय."

"त्र्याण्णव सालचं आहे," ती म्हणाली. "मी तेव्हा सांगितलं होतं तुम्हाला." आणि आत गेली. मला काही आठवलं नाही. माझ्या आठवणीतली शेड गळत नव्हती.

तरी मी हटलो नाही. तनुजा जाता-येता डोकावून "पप्पा, पंखा पाहिजे का?" विचारायची. मी पेपरनं वारा घेत "थंडी वाजेल," असं सांगायचो. पण तिचा फॉर्म टेबलावरच पडून होता आणि मी टिकून राहतोय हे बघून तिचा चेहरा उतरायला लागला होता. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण तत्त्वाचा प्रश्न होता.

बुधवारी चारच्या सुमारास डुलकी लागली होती. जाग आली ती गलक्यानं. बाहेर येऊन बघतो तर काय! गुरुपादप्पांची बाज अंगणात, मधोमध. समोरच्यांची बाज रस्त्यावर. पलीकडच्यांनी तर लोखंडी कपाटच बाहेर काढलं होतं. भाड्यानं राहणारी पोरं गाद्या आणि पुस्तकं घेऊन उघड्यावर बसली होती. नीलम्मांनी दगड मांडून चूल पेटवली होती आणि तीन घरच्या बायका तिच्याभोवती भाकरी थापत होत्या. कुणीतरी मोठ्या पातेल्यात पिठलं लावलं होतं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धूर होता हे खरं, पण तेवढ्यानं आलं नाही. सतरा वर्षं जे मी सांगत होतो ते गल्लीला दोन दिवसांत पटलं होतं! एका माणसानं नुसतं उदाहरण घालून दिलं आणि सगळी गल्ली टीव्ही बंद करून बाहेर आली. मी गुरुपादप्पांचा हात धरला. "अप्पा, पत्ते काढा."

"पत्ते?" गुरुपादप्पांनी हात सोडवून घेतला. "उद्धवराव, तुमची छाती मोठी हाय. आता तरी सांगून टाका. उद्या तीस तारीख. उद्याच हाय का?"

"काय उद्या?"

"भूकंप!"

तीस सप्टेंबर ही त्र्याण्णवच्या भूकंपाची तारीख लातुरात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. मी ती विसरलो होतो. पाटबंधारे खात्याचा हेडक्लार्क रजा टाकून शेडमध्ये बाज नेतो, रॉकेल मागतो, आठ दिवसांनी लागणार नाही म्हणतो, मोबाईल बंद करतो, तेही तीस तारीख जवळ आली असताना! खात्यात वरून कागद आल्याशिवाय कोण असं करेल? अख्ख्या लातुरात मी एकटाच होतो ज्याला हे कळलं नव्हतं.

मी ओरडून सांगू लागलो की असं काही नाही. लोक समजूतदारपणे मान हलवत होते. "बरोबर हाय, तुम्हाला बोलता येत न्हाई," समोरचे म्हणाले. "वरून बंदी असंल."

एवढ्यात एक जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि माझे सासरे अण्णाराव अर्धापूरहून केळीच्या दोन घडांसह उतरले. "जावईबापू, सकाळधरनं फोन लावून राहिलो, तुमचा बंद! म्हटलं गेलं घर." माझी शेड, कंदील, चूल बघून ते थबकले. मी कानात खरं सांगितलं. ते माझ्याकडं बघतच राहिले. "कंदील? हौसेनं? माझ्या गोठ्यात ट्यूब हाय. विहिरीवरची मोटार मी घरून मोबाईलवर चालू करतो. कंदील पुसू पुसू आमच्या मायचे हात काळे झाले, तवा न्हाई कुणी पैज लावली!"

जुन्या काळाचा एकमेव जिवंत साक्षीदार असा फितूर झाल्यावर मल्लिकार्जुन सर आले. स्कूटर स्टँडवर लावायचंही भान त्यांना नव्हतं.

"कंधारकर, माझी निम्मी पोरं बसस्टँडवर हायत. नांदेडहून पालकांच्या गाड्या येऊन राहिल्यात. उद्या ही बॅच राहती का न्हाई सांगता येत न्हाई. माझी जाहिरातीची ऑटो चौकात उभी हाय, माईक हाय. त्यात बसा आणि स्वतःच्या तोंडानं सांगा की तुम्हाला काही माहीत न्हाई."

तनुजा दारात उभी होती, फॉर्म हातात. "सर, माझी जागा?"

"बॅच राहिली तर जागा, बाळा."

ती माझ्याकडं बघत होती. पण क्लासच्या ऑटोत मी? सगळ्या लातूरसमोर? "अफवा मी पसरवलेली नाही," मी म्हणालो. "खुलासा पसरवणाऱ्यानं करावा." आणि बाजेवर जाऊन बसलो. माझा अपमान झाला होता आणि तो नीट होऊ द्यावा असं मला वाटत होतं.

तेव्हा कुसुम आली. रिक्षातून उतरली ती धावतच. घामानं डबडबलेली, पदर सुटलेला. शाळेत कुणीतरी सांगितलं होतं. ती सरळ घरात गेली, कागदपत्रांची पिशवी घेतली, टॉर्च घेतली, तनुजाचं मनगट धरलं आणि तिला ओढत शेडच्या मधोमध आणून उभी राहिली. सतरा वर्षांची पोर, पण तिनं तिला छातीशी दाबून धरलं होतं.

"अगं कुसुम," मी म्हणालो, "तुला तर माहीत आहे. पैज आहे ही."

"माहीत आहे हो मला." तिचे दात वाजत होते. "पायांना न्हाई माहीत. ते आपोआप आले."

तिनं वर त्या भोकाकडं बघितलं.

"तुम्ही सगळ्यांना सांगता, पत्ते खेळलो, पिठलं खाल्लं. खेळलात तुम्ही. हिला सहा महिने झाले होते. पाऊस या भोकातून हिच्या अंगावर पडायचा म्हणून मी चार महिने बसून काढले, हिला पोटाशी धरून. जमीन हलली तर उठायला उशीर नको म्हणून आडवी झाले न्हाई. तुम्ही म्हणायचात, काय मजा येते ना गं. मी हो म्हणायचे."

गल्लीतला गलका चालूच होता. मला माझे सर्वांत चांगले चार महिने दिसत होते आणि त्यात एका कोपऱ्यात ती बसलेली होती. मी कधी तिकडं बघितलंच नव्हतं. लाज वाटली. खरीखुरी, मानापमानाची नाही, दुसरी.

मी उठलो, चपला घातल्या आणि चौकात गेलो.

ऑटोला चारी बाजूंनी गेल्या वर्षीच्या गुणवंतांचे फोटो होते. मी त्यांच्या मधोमध बसलो आणि माईक हातात घेऊन सुरू केलं, "याद्वारे सर्व संबंधितांना कळविण्यात येते की..."

"साहेब," ऑटोवाला मागं वळून म्हणाला, "असं बोललाव तर लोक लई भितील."

म्हणून साधं बोललो. दिवस बुडेपर्यंत, गल्ली ते बसस्टँड, सगळ्या रस्त्यांवर: "मी उद्धव कंधारकर. मला भूकंपाचं काहीही माहीत नाही. मी मुलीशी पैज लावून जुन्या काळात राहायला गेलो होतो. मला ते जमलं नाही. सगळ्यांनी घरात जावं." जमत होतं, हे मी आजही सांगतो, उरलेले सहा दिवस मी सहज काढले असते. पण दरवेळी तेच वाक्य म्हटलं, आणि चौकाचौकांत लोक हसले. हसलेली माणसं घरात जातात, हे मला त्या दिवशी कळलं. काही लोकांनी मात्र, सरकारनं याला बोलायला लावलं असं ठरवून आणखी दोन दिवस बाहेर काढले.

तीस तारीख शांतपणे गेली. बसस्टँडवरची पोरं परत आली, बॅच राहिली. घरी मी फॉर्मवर सही केली. खाली 'पालकांचा अभिप्राय' असा एक चौकोन होता, तो कोरा सोडला. तनुजा फॉर्म घेऊन पळाली, मग परत आली आणि माझ्यासमोर पंखा लावून गेली.

"ती शेड पाडून टाकू," मी कुसुमला म्हणालो. मला वाटलं ती खूश होईल.

"पाडू नका," ती म्हणाली. "खिडकीतून ते पत्रे दिसतात म्हणून मी घरात पाठ टेकू शकते. पळायला जागा आहे असं वाटतं. तुम्ही त्यात राहू नका, एवढंच."

रविवारी सकाळी मी डांबराचा डबा, पत्र्याचा एक तुकडा आणि हातोडी घेतली, शिडी लावली आणि शेडवर चढलो. ते भोक वरून बघितलं तर अगदी लहान होतं. करंगळीएवढं. सतरा वर्षांत अर्ध्या तासाचं काम. खाली कुसुम शिडी धरून उभी होती आणि "उजवीकडं, अजून उजवीकडं," असं सांगत होती. तिला ते भोक न बघता ठाऊक होतं.

पहिला खिळा ठोकला तसे गुरुपादप्पा भिंतीवर कोपर टेकून उभे राहिले. त्यांनी मला बघितलं, हातोडी बघितली, डांबर बघितलं. मी रविवार असून, सुट्टी असून, स्वतःच्या हातानं शेड पक्की करून राहिलो होतो.

"अप्पा, काही नाही," मी वरून ओरडलो. "नुसतं भोक बुजवतोय!"

"हाव, हाव," गुरुपादप्पा म्हणाले आणि मान वळवून घरात हाक मारली, "नीलम्मा, बाज बाहेर काढ!"

खाली कुसुम हसत होती. शिडी हलत होती.